वनप्लस 6, अप्पांची वही आणि अँड्रॉइड 15

2025 च्या गणपतीला वाईला गेले होते. संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि अप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी फोनची माहिती उघडली होती आणि सुरक्षा पॅचच्या, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या शेवटच्या दुरुस्तीच्या, ओळीवर बोट ठेवलं होतं. "इथे 2021 का दिसतंय? आता 2025 चालू आहे ना?"

अप्पांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. धोम धरणावर पाण्याची पातळी बघायची, पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे काम त्यांनी कित्येक वर्षं केलं. तारीख जुळत नसलेली नोंद दिसली की त्यांना चैन पडत नाही. त्यातून भजनी मंडळाच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात लग्नपत्रिका म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, फिरत होती. मंडळातल्या एका काकांनी ती उघडली आणि त्यांच्या खात्यातून पैसे गेले. अप्पांनी उघडली नव्हती, पण तेव्हापासून ते फोनमधली प्रत्येक ओळ वाचत सुटले होते.

फोन मूळचा माझा. मे 2018 मध्ये वनप्लस 6 मुंबईत बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 34,999 पासून सुरू होत होती. मी तो त्याच वर्षी घेतला, चार वर्षं वापरला आणि नवा घेतल्यावर अप्पांना दिला. येताना त्यात अँड्रॉइड 8.1 होतं. मग 9, 10 आणि 11 अशा तीन मोठ्या आवृत्त्या मिळाल्या आणि 2021 च्या अखेरीला अपडेट संपले. त्या काळाच्या मानाने हे कमी नव्हतं. आता पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून सात-सात वर्षांची हमी मिळू लागली आहे, पण 2018 साली अशी हमी कोणीच देत नव्हतं.

फोन मात्र ठणठणीत. स्नॅपड्रॅगन 845 चिप अजून अडखळत नाही. बॅटरी मी मागच्या वर्षी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात बदलून घेतली होती. "चांगली चालती वस्तू टाकायची कशाला?" हा अप्पांचा प्रश्न, आणि मला त्याला उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणूनच मी लिनेजओएसचा, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या अँड्रॉइडचा, विचार सुरू केला.

लिनेजचं नाव मला नवं नव्हतं. 2015 साली मी होस्टेलला असताना मैत्रिणीकडे यू युरेका हा फोन होता, त्यावर सायनोजेन नावाचं बदललेलं अँड्रॉइड असायचं. आम्हा सगळ्याजणींना त्याच्या थीम्सचं भारी अप्रूप. ते सायनोजेन ज्या सायनोजेनमॉडवर उभं होतं, त्याची सुरुवात 2009 मध्ये स्टीव्ह कॉन्डिक यांनी एचटीसी ड्रीम या फोनसाठी केली होती. 2016 च्या डिसेंबरात तो प्रकल्प बंद पडला आणि तोच कोड घेऊन स्वयंसेवकांनी लिनेजओएस उभं केलं. अँड्रॉइडचा मूळ कोड गूगल खुला ठेवतं. तो घ्यायचा, एकेका फोनच्या चिपशी, कॅमेऱ्याशी, बटणांशी त्याची सांगड घालायची आणि तयार फाइल फुकट द्यायची, असं हे काम. माझ्या फोनसाठी अँड्रॉइड 15 वर आधारलेली लिनेज 22 उपलब्ध होती आणि दर आठवड्याला तिची नवी फाइल येत होती. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशी माणसं सात वर्षं जुन्या फोनसाठी दर आठवड्याला खपतात, हे वाचून मला खरंच भरून आलं.

अप्पांना मी एवढंच सांगितलं की फोनला नवं अँड्रॉइड घालता येईल, पण त्याआधी तो पूर्ण पुसला जाईल.

"पूर्ण म्हणजे?"

"सगळं. फोटो, नंबर, भजनं. कारखान्यातून आल्यासारखा."

त्यांनी लगेच वही आणली. "मग आधी काय काय आहे ते लिहून काढू. नंतर हात लाव."

त्या क्षणी मला ते वेळकाढूपणाचं वाटलं. आता सांगते, सगळ्या कामात तेच सर्वांत मोलाचं निघालं. मी माझ्या मनाने केलं असतं तर फोटोंचं फोल्डर उचललं असतं आणि बाकी गूगलवर आहेच म्हणून सोडून दिलं असतं. वही घेऊन बसल्यावर कळलं की 312 नंबरांपैकी दोनशेच्या वर नंबर फक्त फोनमध्ये साठवलेले आहेत, गूगलच्या खात्यात नाहीत. रेकॉर्डरमध्ये काकड आरतीची आणि मंडळातल्या म्हाताऱ्या मंडळींच्या गवळणींची रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यांतले दोघे आता हयात नाहीत. बँकेची दोन अ‍ॅप्स, एक यूपीआयचं, गॅसचं, डिजिलॉकर. गूगलचा पासवर्ड कोणता, तो कुणाच्या नंबरला जोडलाय, हेही त्यांनी लिहिलं. वनप्लस 6 ला मेमरी कार्डाची जागा नाही, त्यामुळे सगळं लॅपटॉपवरच उतरवणं भाग होतं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, मी तयारीनिशी आले. फाइल्स पुण्याहूनच उतरवून आणल्या होत्या. लिनेजची मुख्य फाइल, तिच्यासोबतची बूट फाइल, गूगलची अ‍ॅप्स टाकणारं माइंडदगॅप्सचं पॅकेट आणि कॉपी-पार्टिशन्स नावाची एक छोटी फाइल. लिनेजमध्ये गूगलचं काहीही नसतं, प्ले स्टोअरसुद्धा नाही. ते हवं असेल तर वेगळं घालावं लागतं. प्रत्येक फाइल उतरवली की तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा आकडा, विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने काढून मूळ आकड्याशी ताडून बघितला. एक जीबीच्या फाइलमध्ये कुठे एक बाइट इकडचा तिकडे झाला असेल तर तो इथेच सापडतो. फोनच्या टोपणनावाकडेही नीट लक्ष दिलं. वनप्लस 6 चं टोपणनाव एन्चिलाडा आणि 6टी चं फहिता, दोन्ही मेक्सिकन पदार्थ. भावंडं असली तरी एकाची फाइल दुसऱ्यावर चालत नाही.

आधी बॅकअप. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडले, यूएसबी डिबगिंग चालू केलं आणि एडीबी या लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनाने अख्खं अंतर्गत स्टोरेज लॅपटॉपवर ओढून घेतलं. कमांडच्या काळ्या खिडकीत अप्पांच्या देवनागरी नावांच्या फाइल्स नुसते चौकोन होऊन सरकत होत्या. 'काकड आरती' कुठली आणि 'गौळण' कुठली, काही कळेना. पोटात गोळा आला. फोल्डर उघडून पाहिलं तर नावं जशीच्या तशी होती, फक्त त्या खिडकीला देवनागरी दाखवता येत नव्हती. तरी अप्पांनी प्रत्येक रेकॉर्डिंग लॅपटॉपवर थोडं थोडं वाजवून बघितलं आणि वहीत बरोबरची खूण केली. चाळीसच्या वर होती. सकाळ त्यातच गेली आणि मी घाई केली नाही.

दुपारी बूटलोडर. फोन चालू होताना सर्वांत आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्रॅम. कंपनीने सही केलेली प्रणाली असेल तरच तो तिला पुढे जाऊ देतो. दुसरी प्रणाली घालायची तर हे कुलूप उघडावं लागतं. काही कंपन्या त्यासाठी कित्येक दिवस थांबवतात, काही उघडूच देत नाहीत. वनप्लस 6 ला डेव्हलपर पर्यायांत ओईएम अनलॉकिंगचं बटण चालू करायचं, फोन बंद करून आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून फास्टबूटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून हुकूम घेणाऱ्या अवस्थेत, जायचं आणि एक कमांड द्यायची.

इथे माझी गाडी पहिल्यांदा रुतली. लॅपटॉपला फोन दिसेचना. फास्टबूट नुसतं उपकरणाची वाट पाहत बसलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अँड्रॉइड' नावापुढे पिवळा त्रिकोण, म्हणजे ड्रायव्हर नाही. गूगलचा यूएसबी ड्रायव्हर हाताने निवडून घातला, तरी दोन वेळा जोड तुटली. शेवटी लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या जुन्या यूएसबी 2 च्या खाचेत केबल लावली आणि पहिल्या झटक्यात फोनचा क्रमांक पडद्यावर आला. तासभर मी ड्रायव्हरच्या मागे होते, आणि अर्धं दुखणं त्या खाचेचं होतं.

मग 'फास्टबूट ओईएम अनलॉक'. फोनने इशारा दाखवला, होय की नाही विचारलं. आवाजाच्या बटणांनी निवडायचं, पॉवरने कबूल करायचं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी वहीतल्या खुणा वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा तपासल्या आणि म्हणाले, "दाब."

फोन पुसला गेला. तेव्हापासून तो सुरू करताना दर वेळी काही सेकंद एक इशारा दिसतो की बूटलोडर उघडा आहे, आतल्या सॉफ्टवेअरच्या खरेपणाची खात्री देता येत नाही. तो इशारा खोटा नाही. फोन दुसऱ्याच्या हातात काही वेळ राहिला तर त्यात ढवळाढवळ करणं आता सोपं आहे. आतला डेटा पिनने एन्क्रिप्ट असतो, म्हणून पिन साधा ठेवून चालत नाही. आणि लिनेज घातल्यावर हे कुलूप परत लावायला जायचं नाही, फोन सुरूच न होण्याची भीती असते. ही किंमत आहे आणि ती कळून मोजली पाहिजे. घरातच असणारा, अप्पांच्या खिशात राहणारा फोन आणि चार वर्षांत न बुजवलेल्या भोकांचा धोका, यांत मला दुसरा धोका मोठा वाटला.

आता स्लॉटची गोष्ट, कारण पुढची माझी चूक तिच्याशीच जोडलेली आहे. या फोनमध्ये प्रणालीचे दोन संच असतात, अ आणि ब. एकावर फोन चालतो, नवी आवृत्ती दुसऱ्यावर तयार होते आणि रीबूट केल्यावर फोन त्यावर जातो. आई पोळ्या करते तसं, एक तव्यावर आणि एक पोळपाटावर. पण कंपनीचे अपडेट थांबल्यावर दोन्ही संचांतलं मूळ फर्मवेअर, म्हणजे मोडेम वगैरे चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, सारखं असेलच असं नाही. एक नवं आणि एक जुनं राहिलं तर नवीन प्रणाली जुन्यावर जाऊन फोन कायमचा बसू शकतो. कॉपी-पार्टिशन्सची छोटी फाइल चालू संचातलं फर्मवेअर दुसऱ्यात उतरवते. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, कारण ती झाली तरी डोळ्यांना काही दिसत नाही. गाळू नये.

बूट फाइल टाकून लिनेजची रिकव्हरी, म्हणजे प्रणाली बसवण्याचा छोटा प्रोग्रॅम, उघडली, कॉपी-पार्टिशन्स पार पडलं, डेटा फॉरमॅट केला आणि मुख्य फाइल साइडलोडला, म्हणजे केबलमधून फोनवर चढवायला, लावली. लॅपटॉपवर टक्के चढू लागले. 12, 25, 38. बाहेर ढग भरून आले होते आणि 41 ला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण होती, फोनची 80 टक्के, त्यामुळे धोका नव्हता, पण अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांच्या उजेडात आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. आणि 47 ला सगळं थांबलं.

47 म्हणजे 47. पुढे हलेना. अडचण अशी की मी हे आधी वाचलं होतं. लॅपटॉपवरचा आकडा कधीकधी 47 वरच थांबतो आणि तरीही काम फत्ते होतं, असं सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचलेलं असूनही हात केबलकडे जात होता. अप्पांनी माझा हात धरला. "फोनवर काय म्हणतंय ते बघ ना." फोनवर दुसरी पायरी चालू असल्याचं दिसत होतं. काही मिनिटांनी लॅपटॉपवर एक ओळ उमटली, वाचायला ती बिघाडाची वाटते पण तिच्या शेवटचा शब्द असतो 'सक्सेस'. त्या वेळी केबल ओढली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

आणि मग, अवघड भाग संपला असं वाटून मी चुकले. फोनने विचारलं, आणखी पॅकेट टाकायची असतील तर रिकव्हरी पुन्हा सुरू करायची का? नवी प्रणाली दुसऱ्या संचात गेलेली असते. रिकव्हरी पुन्हा सुरू केल्याशिवाय फोन त्या संचावर येत नाही, म्हणून हा प्रश्न. मी थकव्यात 'नाही' म्हटलं आणि सरळ फोन सुरू केला. लिनेजचा गोल फिरू लागला, पहिल्या वेळी दहा-बारा मिनिटं लागली, नवंकोरं अँड्रॉइड 15 उघडलं. आईने टाळ्या वाजवल्या. प्ले स्टोअर नव्हतं. गूगलची अ‍ॅप्स पहिल्यांदा सुरू होण्याआधीच घालायची असतात, नंतर नाही. हे मला माहीत होतं, तरी मी रिकव्हरीत जाऊन ती नंतर घालून पाहिली. दर काही सेकंदांनी प्ले सर्व्हिसेस बंद पडल्याचा संदेश येऊ लागला. शेवटी पुन्हा फॉरमॅट, पुन्हा लिनेज, या वेळी रिकव्हरी पुन्हा सुरू करायला 'होय', मग गूगलच्या अ‍ॅप्सचं पॅकेट. सही जुळत नाही अशी सूचना येते, तिला होकार द्यायचा, कारण ते पॅकेट लिनेजच्या सहीचं नसतं. मग पहिली सुरुवात. रात्रीचे साडेनऊ. आईने पिठलं-भात तिथेच आणून दिला.

सगळ्यात आधी सिमकार्ड घालून अप्पांचा नंबर लावला. जिओवर व्होल्टीशिवाय, म्हणजे 4जी वरून कॉल करण्याच्या सोयीशिवाय, साधा कॉलच होत नाही, म्हणून ही तपासणी पहिली. आईचा फोन वाजला, आवाज स्वच्छ. मग नंबरांची फाइल, मग रेकॉर्डिंग्ज, मग फोटो. फोनच्या कडेचं आवाज बंद-चालू करणारं सरकतं बटणही जसंच्या तसं चालत होतं, ते अप्पांना देवळात लागतं. भाषा मराठी केली, अक्षरं मोठी केली.

बँकेचं काम दुसऱ्या दिवशी केलं. यूपीआयचं अ‍ॅप सिममधून संदेश पाठवून खातं जोडतं, ते सुरळीत झालं. बँकेच्या दोनपैकी एक अ‍ॅप चाललं. दुसऱ्याने हे उपकरण सुरक्षित नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. गूगलची प्ले इंटेग्रिटी नावाची तपासणी असते, ती उघडा बूटलोडर ओळखते आणि पुढे काय करायचं ते अ‍ॅपवाले ठरवतात. ही तपासणी चुकवण्याचे खटाटोप करणारी मंडळी आहेत. मी त्या वाटेला गेले नाही. अप्पांच्या पैशांचा मामला, आज चुकवलेली तपासणी उद्या पकडली गेली की महिन्याच्या एक तारखेला ते अडकून बसणार. पेन्शन ज्या बँकेत येते तिचं अ‍ॅप चालतंय, दुसरं खातं आईच्या फोनवर नेलं. ज्याचं एकमेव बँक अ‍ॅप असं अडून बसेल त्याने हा सगळा घाट घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या जुन्या, बाजूला पडलेल्या फोनवर आधी बँकेचं अ‍ॅप चालतं का ते बघावं.

कॅमेऱ्याचंही सांगायला हवं. कंपनीचा कॅमेरा गेला, त्याच्या जागी लिनेजचा अ‍ॅपर्चर आला. उजेडात फोटो चांगले येतात, रात्री दिव्यांच्या आरतीचे पूर्वीसारखे येत नाहीत. अप्पांनी दोन फोटो शेजारी ठेवून बघितले आणि मान हलवली. ते नुकसान खरं आहे.

संध्याकाळी निघायच्या आधी त्यांनी पुन्हा तीच ओळ उघडली. सुरक्षा पॅचची तारीख आता ताजी होती. पण लिनेजच्या 'ट्रस्ट' नावाच्या पानावर आणखी एक ओळ असते, विक्रेत्याच्या पॅचची, आणि ती लाल रंगात 2021 च दाखवत होती. अप्पांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

मी सांगितलं, "चिपच्या कंपनीने लिहिलेला सगळ्यात खालचा थर आहे तो. त्याचा कोड खुला नाही. तो ज्यांनी लिहिला त्यांनाच दुरुस्त करता येतो आणि त्यांनी थांबवलंय. लिनेजवाल्यांना त्याच्या वरचं सगळं नवं करता येतं, ते नाही."

"म्हणजे धरणाची भिंत दुरुस्त झाली, पाया तसाच आहे."

"तसंच. पण त्या लग्नपत्रिकेसारखी फाइल येते ती वरूनच येते. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून फाइलने टाकलेल्या अ‍ॅपला पडदा वाचायची परवानगी सहजासहजी देता येत नाही, ते बटणच करडं होऊन बसतं. तुमच्या 11 मध्ये ते नव्हतं."

ते ऐकून त्यांनी वहीत दोन रकाने आखले. वरच्या थराची तारीख एका रकान्यात, खालच्या थराची दुसऱ्यात. खालच्या रकान्यात 2021 लिहून त्याखाली रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात पुण्यात मला ऑफिसात त्यांचा फोन आला. अपडेटरने नवी फाइल आल्याचं दाखवलं होतं आणि त्यांनी ती उतरवूनही घेतली होती. फोन वापरता वापरता ती दुसऱ्या संचात बसली होती आणि आता तो रीबूट करायची परवानगी मागत होता.

"बॅटरी 76 आहे, लाइट आहे, रेकॉर्डिंग्ज लॅपटॉपवर आहेत," त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. "दाबू?"

"दाबा."

फोन कानाला लावून मी वाट पाहत राहिले. मग लक्षात आलं की ते त्याच फोनवरून बोलत होते आणि लाइन कधीच बंद झाली होती. सहा मिनिटांनी परत रिंग आली.

"झालं," अप्पा म्हणाले. "वरची तारीख बदलली. लिहून ठेवली."